नट निघाला, स्टिअरिंग निघेना

पार्श्वभूमी

गाडी 1971ची फियाट 1100 डिलाइट. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली; हिलाच पुढे सत्तरच्या दशकात 'पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या कॉलमवर, पुढची सीट बाकड्यासारखी सलग. मालक सत्तरी ओलांडलेले. आम्ही त्यांना काका म्हणतो, इथेही तेवढंच म्हणणार आहे. गाडी त्यांच्या वडिलांनी मुंबईत घेतली, काकांनी चालवली, निवृत्तीनंतर देवगड तालुक्यातल्या घरी नेली आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावून टाकली. तिथे तिने अकरा पावसाळे काढले.

मुद्दाम पावसाळे म्हणतोय, वर्षं नाही. समुद्र जवळ, वारा खारा, आणि जून ते सप्टेंबर कपाटातले कपडेसुद्धा दमट. त्यात ड्रायव्हरच्या बाजूची काच चार बोटं खाली अडकलेली होती आणि शेडच्या पत्र्याला नेमकं तिथेच भोक होतं. हे आम्हाला फार उशिरा सुचलं.

काकांचा भाचा कोल्हापुरात असतो. माझा मित्र. मी स्वतः मेकॅनिक नाही. नोकरी मशीन डिझाइनची, शनिवार-रविवार जुन्या गाड्यांचा. भाच्याने गाडी ट्रेलरवर घालून फोंडा घाटातून, राधानगरीमार्गे कोल्हापूरला आणली. हेतू असा की गाडीला पन्नास वर्षं झाली आहेत, तेव्हा 2021च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आणि 'व्हीए' अक्षरांची नंबरपाटी लावायची. काकांनी ही पाटी कुठल्या तरी फोटोत पाहिली होती आणि तेव्हापासून फोनवर दुसरा विषय नव्हता.

अडचण

इंजिन फिरत होतं, ब्रेकचं काम वेगळं चाललं होतं. स्टिअरिंगपाशी तीन तक्रारी होत्या. हॉर्न वाजत नव्हता. स्टिअरिंग धरून वर-खाली हलवलं की कॉलमच्या तोंडाशी खडखड व्हायची, म्हणजे शाफ्टला आधार देणारी वरची नळी, बुश, गेलेला. आणि हस्तिदंती रंगाच्या प्लॅस्टिकच्या रिंगला, ती मधल्या भागाशी जोडणाऱ्या एका दांडीजवळ केसाएवढी चीर होती. हॉर्नचा कॉन्टॅक्ट स्टिअरिंगच्या खाली, बुश त्याच्याही खाली. म्हणजे स्टिअरिंग काढल्याशिवाय कुठलंच काम पुढे सरकणार नव्हतं.

ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. स्टिअरिंगच्या मधोमध धातूचा हब असतो, त्याला आतून दाते. कॉलममधून वर येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला बाहेरून तसेच दाते. हब शाफ्टवर सरकतो, दात्यांत दाते बसतात, वरून एक मोठा नट. फिरवण्याची सगळी ताकद दात्यांतून जाते. नटाचं काम फक्त हब वर येऊ न देणं. कागदावर बघितलं तर नट काढला की स्टिअरिंग हातात यायला हवं. पण पन्नास वर्षांत दोन पोलादी पृष्ठभागांमध्ये गंज शिरतो, आणि गंज ज्या लोखंडाला खाऊन तयार होतो त्याच्या निदान दुप्पट जागा व्यापतो. जागा तर वाढत नाही. मग तो दोन्ही बाजूंना रेटत बसतो, लाकडातल्या पाचरीसारखा.

पहिले दोन दिवस

शनिवारी सकाळी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, कारण हॉर्नची वायर तिथूनच जाते. मधली टोपी जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने उचकटली. इथवर सगळं नीट होतं. पुढची चाकं सरळ केली आणि हब व शाफ्ट यांच्यावर मिळून एक रेघ मारली, परत बसवताना दाते जुळावेत म्हणून. रेघ मार्कर पेनने मारली. हेही पुढे भोवणार होतं.

नट काढताना स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून अडवायचं नाही, नाहीतर पान्याचा सगळा जोर खाली स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे नेणाऱ्या पेटीवर जातो. भाच्याने रिंग दोन्ही हातांनी धरली, मी सॉकेट आणि लांब टॉमी (पान्याचा दांडा) लावली. नट जवळजवळ लगेच सुटला. आमची पहिली चूक या सोपेपणातून झाली: आम्हाला वाटलं, अर्धं काम झालं.

रूढ पद्धत अशी की नट पूर्ण काढायचा नाही. चार आटे धरून ठेवायचे आणि मग गुडघे रिंगखाली लावून, आळीपाळीने डावीकडून-उजवीकडून स्टिअरिंग स्वतःकडे ओढायचं. सुटलं तर ते नटाला आपटून थांबतं, आपले दात शाबूत राहतात. भाच्याने नट काढून खिशात घातला. मी बघत होतो आणि काही बोललो नाही. दहा मिनिटं दोघांनी ओढलं. सीटची जुनी स्प्रिंग तेवढी कुरकुरली, स्टिअरिंग हललं नाही.

संध्याकाळी ओळखीचे एक मिस्त्री आले. चाळीस वर्षं हात काळे केलेला माणूस; त्यांच्या अनुभवाबद्दल मला आजही आदर आहे. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "नट निघालाय की वो! आता काय ऱ्हायलंय? दोघं वढा, मी ठोकतो." आम्ही दोघांनी रिंग ओढून धरली आणि त्यांनी शाफ्टच्या उघड्या टोकावर लोखंडी हातोड्याने चार ठोके दिले. चौथ्या ठोक्याला कट् असा आवाज आला. तिघांच्याही तोंडावर हसू आलं आणि लगेच मावळलं. आवाज हबमधून नव्हे, रिंगमधून आला होता. केसाएवढी चीर आता चार सेंटिमीटर लांब आणि नख जाईल इतकी रुंद झाली होती. शाफ्टचं टोक छत्रीसारखं पसरलं होतं. खिशातला नट आता पहिल्या आट्यालाच बसेना.

पहिला निर्णय: थांबणं

रविवारी सकाळी मिस्त्री गॅस घेऊन येणार होते. मी रात्रीच फोन करून त्यांना नको म्हटलं. ते थोडे नाराज झाले, कारण त्यांच्या हिशेबाने काम होत आलं होतं. माझा हिशेब उलटा होता. शनिवारी सकाळी स्टिअरिंग काढण्यात एकच अडचण होती, रात्री तीन बिघाड होते: जाम हब, फाटलेली रिंग, मेलेले आटे. याच वेगाने गेलो असतो तर सोमवारपर्यंत गाडीच उरली नसती.

रविवारी आधी आट्यांचं बघितलं. त्रिकोणी कानशीने शाफ्टचं पसरलेलं टोक घासून उतार दिला. नटाची उंची मोजली आणि तेवढ्या उंचीत शाबूत आटे उरतात का हे पाहिलं. उरत होते, वरचे दीड-दोन आटेच गेले होते. हे मोजणं टाळता येत नाही. नट पूर्ण उंचीला धरत नसेल तर तो शाफ्ट रस्त्यावर न्यायचा नाही, बदलायचा. तिथे भावनेला जागा नाही. सोमवारी नट घेऊन शिवाजी उद्यमनगरात, कोल्हापूरच्या कारखान्यांच्या वस्तीत गेलो, पिच गेजने आट्यांमधल्या अंतराचं माप काढून घेतलं आणि त्या मापाची डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, शाफ्टवर हाताने फिरवली. गाडी इटालियन वंशाची, म्हणून माप मेट्रिक. ॲम्बॅसॅडर असती तर मूळ मॉरिसचं, म्हणून इंची पाने आणि इंची डाय शोधत फिरावं लागलं असतं. नट परत फिरायला लागला तेव्हा मला शनिवार सकाळपाशी परत पोचल्यासारखं वाटलं.

समोरचे पर्याय

अजून ठोकणं हा पर्याय मी पहिल्यांदा बाद केला. कारण सांगायला घरातलं उदाहरण पुरे आहे. सुपारी खलबत्त्यात घालून ठेचली तर निम्मा दणका ओट्याला बसतो. अडकित्त्यात धरली तर ओट्याला कळतही नाही. जोर दोन पात्यांच्या मध्येच सुरू होतो आणि तिथेच संपतो. शाफ्टवर मारलेला ठोका खलबत्त्यातला. तो हबमधून थोडा आणि बाकी सगळा शाफ्टमधून खाली, स्टिअरिंग बॉक्समधल्या वर्मच्या (मळसूत्री दांड्याच्या) बेअरिंगांपर्यंत जातो. तिथे छर्रे आणि त्यांचा मार्ग यांचा स्पर्श टाचणीच्या टोकाएवढा. जोरदार ठोका बसला की मार्गावर खळगा पडतो आणि मग स्टिअरिंग फिरवताना त्या जागी दर वेळी अडखळतं. हातोड्याला वाईट म्हणत नाही. बाजूने हबवर मारलेले हलके टोले गंज फोडायला उपयोगी पडतात. प्रश्न फक्त जोर कुठून कुठे जातो हा.

गॅस मारण्याचा पर्याय बहुतेक गॅरेजांत पहिला सुचतो आणि बेअरिंग किंवा पुली असेल तर तो योग्यही असतो. इथे हबभोवती पन्नास वर्षांचं प्लॅस्टिक होतं. शिवाय फायदा किती, तर पोलाद दर अंशाला लांबीच्या 12 दशलक्षांशाने वाढतं. 20 मिलिमीटरचं भोक 100 अंशांनी तापवलं तर ते जेमतेम 0.024 मिलिमीटरने मोठं होतं, तेही शाफ्ट थंड राहिला तरच. एवढ्यासाठी रिंग वितळवून घेण्यात अर्थ नव्हता. गरम हवेची गन मात्र राखून ठेवली.

बाजारात मिळणारा दोन किंवा तीन पायांचा पुलर, म्हणजे बसलेला भाग ओढून काढायचं हत्यार, आणून बघितला. त्याचे पाय हबच्या मागे जायला जागाच नव्हती. एका बाजूला गिअरचा दांडा, दुसऱ्या बाजूला इंडिकेटरचा. पाय रिंगच्या दांड्यांना अडकवून ओढलं असतं तर त्या वाकल्या असत्या आणि हब जागच्या जागी राहिला असता. काही गाड्यांच्या हबला पुलरसाठी आट्यांची दोन भोकं असतात. या हबला नव्हती. भोकं पाडून आटे काढता आले असते, पण धातू किती जाडीचा आहे ते दिसत नव्हतं आणि बरोबर खाली हॉर्नच्या कॉन्टॅक्टची रिंग होती.

शेवटचा पर्याय ग्राइंडरने हब कापून टाकण्याचा. स्टिअरिंग गमवायचं, शाफ्ट वाचवायचा. खरं सांगायचं तर मी मनातून तिथपर्यंत आलो होतो. पूर्वी फियाटचं स्टिअरिंग ही दुर्मीळ वस्तू नव्हती. टॅक्सीवाल्यांमुळे कुर्ल्याच्या भंगार बाजारात किंवा ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांत सुटे भाग मिळायचे. पण ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली आणि त्या भागांमागचं गिऱ्हाईकही पातळ झालं. दोन ठिकाणी चौकशी केली. एका ठिकाणी काळं, नंतरच्या पद्मिनीचं मिळत होतं. हस्तिदंती नव्हतं.

काकांचा फोन

कापायचं झालं तर विचारलं पाहिजे, म्हणून काकांना फोन लावला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, स्टिअरिंग बदललं तर व्हिंटेजची नोंदणी मिळणार नाही. दुसरी त्यांनी थेट मालवणीत सांगितली: "चाक कापलंस तर गाडी थंयच ऱ्हवांदे."

पहिली गोष्ट चुकीची होती. नियमात चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार नसावेत असं आहे. स्टिअरिंगचं नाव नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की नोंदणीचं कारण फक्त पुढे केलेलं होतं, खरं कारण दुसऱ्या वाक्यात होतं. त्या रिंगवर उजव्या हाताच्या बाजूला प्लॅस्टिक झिजून गुळगुळीत झालेली एक जागा आहे. ती झीज काकांच्या वडिलांच्या आणि काकांच्या हाताची.

कामाची हकीकत लिहिताना हे वगळावं असं कुणी म्हणेल. मला ते तांत्रिक माहितीइतकंच महत्त्वाचं वाटतं, कारण पर्यायांचा क्रम त्यानेच ठरला. गाडी विकायची असती तर मी मंगळवारीच हब कापला असता आणि तो निर्णय चुकीचा ठरला नसता.

तेलाचे चार दिवस

पुलरची तयारी होईपर्यंत हब भिजत ठेवायचा ठरला. जुन्या गाड्यांच्या मंडळींत गिअरबॉक्सचं एटीएफ तेल आणि ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरायची पद्धत आहे आणि ते मिश्रण गंजात छान शिरतं. मी बाटली तयारही केली होती. घालण्याआधी एक थेंब दांडीच्या मागच्या बाजूला टाकून बघितला. मिनिटाभरात प्लॅस्टिक चिकट झालं. बाटली बाजूला ठेवली आणि साधं पेनिट्रेटिंग ऑइल घेतलं.

दुसरी अडचण उताराची. कॉलम तिरका असल्याने तेल हबच्या खालच्या कडेला जमायचं आणि ओघळून जायचं, वरची कड कोरडी. भाच्याच्या आईने स्वयंपाकघरातून कणकेचा गोळा आणून दिला. नारळाच्या झाडाला करतात तसं शाफ्टभोवती कणकेचं आळं केलं आणि त्यात तेल भरलं. सकाळ-संध्याकाळ तेल बदलायचं, नट चार आट्यांवर लावून हबला बाजूने पितळी दांड्याने आठ-दहा हलके टोले द्यायचे. चार दिवसांत वरून तांबूस पाणी येत राहिलं. खाली, हबच्या मागच्या बाजूला, तेलाचा एक थेंबही उतरला नाही. तिथे काहीतरी वेगळंच अडलंय अशी शंका मला तेव्हाच यायला हवी होती. मी ते गंज जाड असेल म्हणून सोडून दिलं.

पुलर

ठरवलेला मार्ग असा: हबच्या मागे जी अरुंद मान आहे तिच्याभोवती बसणारी, दोन अर्ध्या चकत्यांची पट्टी करायची. दोन अर्धे बाजूंनी आत सरकवायचे आणि बोल्टने एकमेकांना आवळायचे. त्यातून दोन स्टड वर आणायचे, त्यांच्यावर आडवी पट्टी, आडव्या पट्टीच्या मधोमध एक मोठा बोल्ट जो शाफ्टच्या टोकावर दाब देईल. चकती हब वर ओढते, बोल्ट शाफ्ट खाली दाबतो. अडकित्ता. स्टिअरिंग बॉक्सपर्यंत काहीच पोचत नाही.

मानेचं माप घ्यायला व्हर्निअर शिरेना. तांब्याची बारीक तार भोवती गुंडाळून, कापून, सरळ करून मोजली: 113 मिलिमीटर. म्हणजे व्यास 36. हबच्या मागे मोकळी जागा 14 मिलिमीटर, म्हणून चकती 10ची. कागदावर चित्र काढून उद्यमनगरात एका लेथवाल्याकडे गेलो. त्यांनी चित्र उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "बोल्टचं टोक शाफ्टवर घासत फिरणार न्हवं का?" बरोबर होतं. मी ते विसरलो होतो. त्यांनीच बोल्टच्या टोकाला खळगा पाडून त्यात जुन्या बेअरिंगचा एक छर्रा बसवून दिला, म्हणजे बोल्ट फिरला तरी शाफ्टवर नुसता दाब येईल. माल आणि मजुरी धरून 1,400 रुपये झाले. चहाचे पैसे त्यांनीच दिले.

कमाल मर्यादा आधीच ठरवली होती, आणि या सगळ्या प्रकरणात मी केलेली सगळ्यात शहाणी गोष्ट बहुधा हीच. मधला बोल्ट 16 मिलिमीटरचा. ढोबळ हिशेबाने त्यावर 60 न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, दिला तर दाब 1.9 टनांच्या आसपास येतो, 80ला 2.5 टन, 100ला 3 टनांच्या थोडा वर. 100च्या पुढे जायचं नाही, तिथेही सुटलं नाही तर काकांना पुन्हा फोन करायचा, असं वहीत लिहून भाच्याला दाखवलं. जोर लावायला लागलं की माणसाला थोडं अजून, थोडं अजून असं होतं. आकडा आधी लिहिलेला असला की भांडायला काहीतरी हाताशी असतं.

सुटलं तो दिवस

पुढच्या शनिवारी दुपारी पुलर लावला. नट शाफ्टच्या टोकाच्या बरोबरीने फिरवून ठेवला, म्हणजे आट्यांना आधार आणि स्टिअरिंग उडालं तर अडसरही. 40वर दहा मिनिटं थांबलो, बाजूने टोले. 60. पुन्हा टोले. 80ला आडवी पट्टी किंचित वाकल्यासारखी वाटली. स्टीलची पट्टी लावून बघितली तर सरळ होती, डोळ्यांचा भास. काहीच हललं नाही. अंधार पडला. भाचा म्हणाला, "शंभर करून बघू की." मी म्हटलं, आज नको, ताण तसाच राहू दे.

रविवारी सकाळी बोल्ट तपासला तर 80चा टॉर्क येण्याआधीच तो पाव फेरा फिरला. म्हणजे रात्रीतून कुठेतरी अगदी थोडं सरकलं होतं. प्लॅस्टिकवर ओला पंचा गुंडाळला, गरम हवेची गन फक्त हबच्या धातूवर दोन मिनिटं धरली, टॉर्क 90वर नेला आणि बाजूने टोले द्यायला सुरुवात केली. तिसऱ्या टोल्याला टण्णकन आवाज झाला आणि स्टिअरिंग नटाला जाऊन आपटलं. मी दचकून मागे सरकलो ते डोकं छताला लागेपर्यंत. नट नसता तर ती रिंग पुलरसकट माझ्या हनुवटीवर आली असती.

आत काय होतं

गंज होता, पण वरच्या सहा-सात मिलिमीटरमध्येच, आणि तोही एका बाजूला जास्त. ड्रायव्हरच्या काचेच्या बाजूला. शेडच्या भोकातून, उघड्या काचेतून, टोपीच्या कडेने अकरा पावसाळे थेंब थेंब पाणी तिथे जात होतं.

त्याखाली दाते जवळजवळ स्वच्छ होते. पण दोन दात्यांच्या फटीत पत्र्याची एक बारीक पट्टी ठोकून बसवलेली होती, डब्याच्या पत्र्यासारखी. पाचरच. तेल खाली न उतरण्याचं कारण हे. काकांना विचारलं तेव्हा बराच वेळ आठवून म्हणाले, मुंबईत असताना एकदा "स्टिअरिंग हलतंय" म्हणून एका गॅरेजात दाखवलं होतं, आणि ते लगेच दुरुस्त करून मिळालं होतं. त्या कारागिराला वाटलं असावं की दाते झिजलेत. खरं तर तेव्हाही बुशच गेला असणार. आम्ही दाते साफ करून, पट्टीशिवाय हब बसवून, नट आवळून तपासलं: दात्यांत खेळ अजिबात नव्हता. असता तर हे स्टिअरिंग भिंतीवर लावायच्या कामाचं, गाडीत नाही.

परत बसवणं

बुश लेथवर नवा करून घेतला. हॉर्नची कॉन्टॅक्ट रिंग बारीक पॉलिश पेपरने घासली आणि हॉर्न पहिल्याच दाबाला वाजला. शेजारच्या बंगल्यातलं कुत्रं अर्धा तास भुंकत होतं. रिंगची चीर इंग्रजी व्हीच्या आकारात कोरून, धूळ आणि तेल काढून, दोन भागांचा इपॉक्सी भरला, सुकल्यावर पाण्याच्या पेपरने घासून सपाट केला. रंग जुळला नाही. पूर्ण रिंग रंगवू का विचारलं तर काकांनी नको म्हटलं.

दात्यांवर तांब्याची भुकटी असलेल्या ग्रीसचा पातळ हात दिला, नवा स्प्रिंग वॉशर टाकला आणि जुळवायला खुणेची रेघ शोधली. रेघ नव्हती. चार दिवसांच्या तेलात मार्करची शाई केव्हाच धुऊन गेली होती. अंदाजाने बसवलं, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, आणि सरळ जाताना दांड्या एका दात्याने डावीकडे कललेल्या. डावीकडचा इंडिकेटर वळण संपल्यावरही मागे येईना. पुन्हा काढलं. या वेळी वेळ लावून बघितला: टोपी काढण्यापासून स्टिअरिंग मांडीवर येईपर्यंत चार मिनिटं.

वेगळं काय करता आलं असतं

खूण छिन्नीने किंवा सेंटर पंचने करायला हवी होती. हे मला माहीत होतं, आळस केला. नट काढून खिशात घालताना भाच्याला तिथेच अडवायला हवं होतं. मिस्त्रींना ठोकू देण्याचा निर्णय मात्र मी त्यांच्या माथी मारणार नाही. रिंग ओढून धरणारे चार हात आमचे होते आणि जोर कुठे जातोय हे त्या तिघांत सगळ्यात जास्त मला कळत होतं. वयाने आणि अनुभवाने मोठा माणूस हातोडा उचलतो तेव्हा "थांबा" म्हणणं अवघड जातं, आणि त्या अवघडलेपणाची किंमत चार सेंटिमीटरची चीर होती.

तेल खाली उतरत नाही हे दिसल्यावर आरशाने आणि टॉर्चने हबच्या मागून दाते बघायला हवे होते. पट्टीचं टोक कदाचित दिसलं असतं. तेलाचे चार दिवस वाया गेले असं नाही, वरचा गंज त्याने सैल झालाच असणार. पण पुलर दोन दिवस आधी करायला टाकता आला असता.

आणि एक गोष्ट जी आता भरून येत नाही. कामाला हात लावण्याआधी पुढची चाकं जॅकवर उचलून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवून बघायला हवं होतं. पाच मिनिटांचं काम. ते आम्ही सगळं झाल्यावर केलं, आणि मध्यावर, जिथे चाकं सरळ असतात तिथे, बोटांना अगदी बारीक अडखळ लागली. ती पन्नास वर्षांच्या सरळ रस्त्यांची झीज आहे की शनिवारच्या चार ठोक्यांचा खळगा, हे सांगायला आमच्याकडे आधीचं मोजमाप नाही.

सध्याची स्थिती

हॉर्न वाजतो, खडखड गेली, स्टिअरिंग सरळ आहे, चीर उन्हात पिवळसर दिसते. नोंदणीचे कागद दिले आहेत. मिस्त्री मधे येऊन गेले, पुलर हातात घेऊन फिरवून बघितला आणि म्हणाले, "हे न्हेतो मी एक आठवडा, एक जीप हाय आपल्याकडं." तो अजून त्यांच्याकडेच आहे. स्टिअरिंग बॉक्स गणपतीनंतर उघडायचा ठरलंय. पत्र्याची पट्टी काकांनी मागवून घेतली. पाकिटावर पत्ता भाच्याने घातला, आणि आत काय आहे ते टपाल कचेरीतल्या माणसाला समजावून सांगायला त्याला बराच वेळ लागला.